घर लिलावात निघण्यापूर्वी : दादरच्या एका कर्जसल्ला सेवेचा अनुभव

गृहकर्जाचे हप्ते थकल्यावर बँकेशी कसे वागावे, हे पैसे घेऊन सांगणाऱ्या सल्लागारांची मुंबईत आता वानवा राहिलेली नाही. दादर पश्चिमेच्या अशाच एका सल्लासेवेकडे माझी धाकटी बहीण आणि तिचे यजमान गेले होते, आणि कागदपत्रांची पिशवी सांभाळण्याच्या निमित्ताने मीही बहुतेक बैठकांना हजर होतो. सेवेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही मांडायच्या आहेत; परंतु या धंद्यातील बहुतेकांची कामाची रीत सारखीच असल्यामुळे, कोणत्या कामाचे पैसे त्यांना द्यावेत आणि कोणत्या कामाचे देऊ नयेत, हे सांगताना नावावाचून अडू नये. माझे मत असे झाले की त्यांचे कागदांचे आणि तारखांचे काम चोख आहे व त्याचे मोल फीपेक्षा अधिक आहे. मात्र ज्या आश्वासनावर त्यांची सारी जाहिरात उभी आहे, ते ‘लिलाव थांबवून देऊ’ हे आश्वासन आजच्या कायद्यात फार तोकडे पडते.

बहिणीचे घर भांडुप पश्चिमेला, एका जुन्या सोसायटीत आहे. कर्ज दोघांच्या नावावर होते आणि येणे बाकी सुमारे ४१ लाख होती. तिच्या यजमानांची नोकरी गेली, नवी मिळाली ती निम्म्या पगाराची, आणि हप्ते एकामागून एक थकत गेले. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की बँकेच्या लेखी ते खाते अनुत्पादक, म्हणजे सगळे म्हणतात तसे ‘एनपीए’ होते. त्यापुढे बँक केवळ थकलेले हप्ते मागत नाही, तर संपूर्ण कर्ज परत मागणारी नोटीस पाठवते. ही नोटीस हातात पडल्यावरच दोघे घाबरून दादरला गेले.

पहिल्या भेटीचे शुल्क २,००० रुपये होते आणि ते सार्थकी लागले, असे मी बिनदिक्कत म्हणेन. समोर बसलेल्या सल्लागार बाई पूर्वी एका सहकारी बँकेच्या वसुली विभागात होत्या. बहिणीने नोटिशीचा कागद पुढे केला, तेव्हा त्या म्हणाल्या, “ताई, नोटीस मागाहून बघू. आधी ते पाकीट द्या.” पाकिटावरचा स्पीड पोस्टचा क्रमांक त्यांनी तिथल्या तिथे टपाल खात्याच्या संकेतस्थळावर टाकून पाहिला, पाकीट कोणत्या दिवशी कोणाच्या हाती पडले ते टिपून घेतले, आणि भिंतीवरचे कालनिर्णय उतरवून दोन तारखांना लाल खूण केली. ज्या कायद्याखाली ही नोटीस येते, त्याच्या कलमात रक्कम भरायला नोटिशीच्या तारखेपासून ६० दिवस म्हटले आहे, तर ताब्याच्या नोटिशीच्या नमुन्यात नोटीस मिळाल्यापासून ६० दिवस असा उल्लेख येतो. त्यामुळे वाद नंतर घालता येईल, पण आपण आपल्यापुरती आधीची तारीखच धरून चालायचे, असे त्यांनी सांगितले. नोटीस दोन्ही कर्जदारांना स्वतंत्रपणे पाठवली आहे का, कर्जाला जामीनदार होता का, तारणाची नोंद ‘सरसाई’ या केंद्रीय नोंदणीत झालेली आहे का, हेही त्यांनी त्याच बैठकीत तपासले. या शेवटच्या प्रश्नाला महत्त्व आहे, कारण २०२० च्या जानेवारीपासून ही नोंदणी केल्याशिवाय धनकोला या कायद्याखालील जप्तीचे अधिकार वापरता येत नाहीत.

येथे कायद्याची थोडी ओळख करून देणे भाग आहे. अमेरिकेत घराची जप्ती प्रत्येक राज्याच्या कायद्याप्रमाणे वेगवेगळी चालते. काही राज्यांत बँकेला न्यायालयात दावा लावावा लागतो, काहींत न्यायालयाबाहेर विक्री करता येते. आपल्याकडे बँकांच्या गृहकर्जापुरता हा प्रश्न २००२ च्या केंद्रीय कायद्याने सोडवला आहे. त्याचे पूर्ण नाव कोणी घेत नाही, सगळे त्याला ‘सरफेसी’ म्हणतात. त्यापूर्वी बँकेला साधारणपणे दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागे किंवा १९९३ च्या कायद्याने आलेल्या कर्जवसुली न्यायाधिकरणात जावे लागे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ६९ व्या कलमात मुंबई, मद्रास आणि कलकत्ता या शहरांतील मालमत्तांसाठी न्यायालयाबाहेर विक्रीची एक मर्यादित सोय होती खरी. सरफेसीने मात्र ती वाट देशभर सरळ आणि रुंद करून दिली, आणि दिवाणी न्यायालयाला अशा बाबतीत मनाई हुकूम देण्यास ३४ व्या कलमाने बंदी घातली. मुंबईतील पुष्कळ कर्जदारांचा समज अजूनही असा आहे की ‘कोर्टात केस लागेल, मग बघू’. कर्जदाराने स्वतः काही केले नाही, तर त्याची बाजू ऐकणारे कोर्ट या वाटेवर लागतच नाही, हे बाईंनी पहिल्या अर्ध्या तासात स्पष्ट केले. एवढ्यासाठीसुद्धा २,००० रुपये महाग नाहीत.

नोटिशीला उत्तर देण्याच्या कामाचे त्यांनी १५,००० रुपये घेतले. माझ्या दृष्टीने ही या सेवेची सर्वांत उपयोगी बाब ठरली. कलम १३(३ए) खाली कर्जदाराने हरकत नोंदवली, तर बँकेने ती विचारात घेऊन १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. ही तरतूद २००४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या मार्डिया केमिकल्स प्रकरणातील निकालानंतर कायद्यात आली. त्याच निकालाने, न्यायाधिकरणाकडे जाण्यापूर्वी मागणीच्या ७५ टक्के रक्कम भरण्याची अटही रद्द केली होती. बहुतेक लोक या पत्रात आपल्या अडचणींची कहाणी लिहितात: आजारपण, नोकरी, मुलांच्या फिया. बाईंनी त्यातले काहीही लिहू दिले नाही. त्यांनी कर्जखात्याचा उतारा मागवला, त्यातील प्रत्येक ओळ पेन्सिलने तपासली, आणि थकीत हप्त्यांवरील दंडाची रक्कम मुद्दलात मिसळून तिच्यावर पुन्हा व्याज आकारलेल्या नोंदी शोधून काढल्या. दंड हा शुल्क म्हणूनच आकारावा, तो व्याजात मिसळू नये आणि त्यावर पुन्हा व्याज लावू नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात सांगितले असून २०२४ पासून ते लागू आहे. हरकतीचे पत्र दीड पानाचे झाले आणि त्यात एकही विशेषण नव्हते. बँकेचे उत्तर मुदतीत आले, मागणीची रक्कम थोडी कमी झाली, आणि मुख्य म्हणजे त्यानंतर फोनवरची भाषा बदलली. वसुली प्रतिनिधींनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नयेत, हा रिझर्व्ह बँकेचा नियमही त्याच पत्रात एका ओळीत नमूद केलेला होता.

हरकत फेटाळली म्हणून लगेच न्यायाधिकरणाकडे जाता येत नाही, तो हक्क बँकेने ताब्याची कारवाई केल्यावरच निर्माण होतो, हेही त्यांनी लपवले नाही. सगळी थकबाकी एकदम भरली तर खाते पुन्हा नियमित होऊ शकते, ही शक्यता त्यांनी मांडली. परंतु निम्म्या पगारात पुढचा हप्ता झेपणार नाही, हे बहिणीला आणि तिच्या यजमानांना दिसत होते.

साठ दिवस उलटल्यावर भांडुपच्या दारावर ताब्याची नोटीस चिकटली. कायद्याच्या भाषेत हा सांकेतिक ताबा. घरात राहणारी माणसे घरातच असतात, कुलूप लागत नाही, पण नियमाप्रमाणे नोटीस बाहेरच्या दारावर लावली जाते आणि ७ दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत, त्यांपैकी एका स्थानिक भाषेतील पत्रात, प्रसिद्ध होते. मुंबईत अशा जाहिराती ‘नवशक्ति’मध्ये रोज पाहायला मिळतात, आणि सोसायटीतील कोणीतरी त्या हमखास वाचत असते. दारावरचा कागद चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून डोळ्यांच्या उंचीवर लावला होता आणि बँकेच्या माणसाने त्याचा, दाराच्या पाटीसह, मोबाइलवर फोटो काढला. तो फोटो हाच पुढे पुरावा असतो. समोरच्या काकूंनी तेवढ्या वेळापुरते आपले दार लावून घेतले, ही त्यांची माणुसकी. कागद फाडू नका, स्वतःही त्याचा फोटो काढून ठेवा, आणि ही तारीख लिहून ठेवा कारण न्यायाधिकरणाकडे अर्ज करण्याचे ४५ दिवस येथून मोजले जातील, असे बाईंनी आधीच बजावले होते. त्यामुळे त्या दिवशी घरात रडारड झाली तरी गोंधळ झाला नाही.

प्रत्यक्ष ताबा हा पुढचा टप्पा. त्यासाठी बँकेला कलम १४ खाली दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. कायद्याच्या मजकुरात मुंबईसारख्या महानगरात मुख्य महानगर दंडाधिकारी आणि अन्यत्र जिल्हा दंडाधिकारी, अशी विभागणी आहे. अर्जासोबत बँकेने नऊ मुद्द्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, आणि आदेश ३० दिवसांत, कारणे नोंदवून फार तर ६० दिवसांत, व्हावा अशी अपेक्षा आहे. त्या टप्प्यावर कर्जदाराला म्हणणे मांडण्याची संधी सहसा मिळत नाही. ताबा घेण्यासाठी दंडाधिकारी वकिलालाही आयुक्त म्हणून नेमू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मुंबईच्याच एनकेजीएसबी सहकारी बँकेच्या प्रकरणात मान्य केले. मग तो वकील, पोलीस आणि बँकेचा अधिकारी येतात, सामानाची यादी होते आणि दाराला सील लागते. आमच्याकडे गोष्ट या थराला गेली नाही.

आता तक्रारीकडे वळतो. ताब्याची नोटीस लागल्यानंतर त्याच कार्यालयातील दुसऱ्या एका गृहस्थांनी सूत्रे हाती घेतली. न्यायाधिकरणात कलम १७ खाली अर्ज करू, स्थगिती आणू, लिलाव दोन वर्षे पुढे ढकलू, असा त्यांचा सूर होता, आणि त्यासाठी वकिलाच्या फीसह ६०,००० रुपयांचा आकडा त्यांनी सांगितला. अर्जाचे सरकारी शुल्क त्याहून वेगळे. ते नियमाने ठरलेले असते: १० लाखांपुढील कर्जाला ५,००० रुपये अधिक १० लाखांवरील प्रत्येक लाखामागे २५० रुपये, म्हणजे ४१ लाखांच्या मागणीवर १२,७५० रुपये. त्यांनी मात्र हे शुल्क ‘साधारण पंचवीस एक हजार’ असे सांगितले. नियम काढून दाखवल्यावर आकडा खाली आला. हा निष्काळजीपणा होता की आणखी काही, याचा निवाडा मी करत बसत नाही. पण सरकारी शुल्काची पावती स्वतंत्र मागावी, हे प्रत्येक ग्राहकाने लक्षात ठेवावे.

त्याहून गंभीर बाब त्यांनी जे सांगितले नाही त्यात आहे. न्यायाधिकरण बँकेची कारवाई कायद्याप्रमाणे झाली की नाही एवढेच पाहते. नोटीस योग्य पत्त्यावर गेली का, हरकतीला उत्तर दिले का, ताब्याची नोटीस दोन वर्तमानपत्रांत आली का, असे ते प्रश्न असतात; कर्जदाराची अडचण किती खरी आहे, हा तेथे प्रश्न नसतो. आमच्या प्रकरणात बँकेने सगळे नियमाने केले होते आणि ते याच कार्यालयातील बाईंनी तपासलेले होते. असा अर्ज केला असता तर स्थगिती मिळालीच तरी बहुधा मोठी रक्कम भरण्याच्या अटीवर मिळाली असती, आणि निकाल विरुद्ध गेल्यावर अपील न्यायाधिकरणात जायला कर्जाच्या ५० टक्के, सवलत मिळाली तरी किमान २५ टक्के रक्कम आधी भरावी लागली असती. ज्याच्याकडे २५ टक्के आहेत, त्याच्यावर ही पाळी सहसा येत नाही.

आणि या सगळ्या धावपळीत जो दरवाजा खरोखर उघडा असतो तो बंद होतो. पूर्वी लिलाव होऊन मालमत्ता हस्तांतरित होईपर्यंत कर्जदाराला पूर्ण पैसे भरून घर सोडवता येत असे. २०१६ च्या दुरुस्तीने कलम १३(८) बदलले, आणि आता हा हक्क लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच राहतो. सप्टेंबर २०२३ मध्ये सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ कायम केला. लिलाव झाल्यानंतर कर्जदाराला पैसे भरून मालमत्ता सोडवण्याची मुंबई उच्च न्यायालयाने दिलेली मुभा त्या निकालाने रद्द झाली. याचा व्यवहारातील अर्थ असा की कर्जदाराच्या हातातील शेवटची महत्त्वाची तारीख लिलावाची नसून लिलावाच्या जाहिरातीची असते. ‘लिलावाच्या आदल्या दिवशीसुद्धा थांबवून देऊ’ असे फलकावर लिहिणाऱ्या सेवेने हे कोणत्याही ग्राहकाला पहिल्या दिवशी सांगायला हवे. बाईंना ते ठाऊक होते, कारण नंतर विचारल्यावर त्यांनी कलमासकट सांगितले. पण कार्यालयाच्या विक्रीच्या बोलण्यात ते कोठेच नव्हते.

एकरकमी तडजोडीचीही तीच गत. बँकेने सूट दिलेल्या रकमेच्या ५ टक्के फी, असा त्यांचा प्रस्ताव होता. रिझर्व्ह बँकेने जून २०२३ मध्ये तडजोडीसाठी एक चौकट आखून दिली असली, तरी सूट द्यावी की नाही हे प्रत्येक बँक आपल्या धोरणाने ठरवते, आणि भांडुपच्या ज्या घराची किंमत कर्जाच्या दुपटीच्या जवळ जाते, त्यावर बँकेने मुद्दलात सूट का द्यावी, याला उत्तर नाही.

बहिणीच्या कामी आला तो मार्ग या सेवेच्या दरपत्रकात नाहीच: घर स्वतः विकणे. संपूर्ण कर्ज मागणारी ती पहिली, कलम १३(२) ची नोटीस मिळाल्यानंतर कर्जदाराला बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता किंवा भाड्याने देता येत नाही, असे कलम १३(१३) सांगते. पण संमती मागायला कोणी मनाई केलेली नाही, आणि वसुली होणार असेल तर बँक ती सहसा नाकारत नाही. लिलावात घराला भाव कमी का येतो, हे नियम वाचले की कळते. सर्वाधिक बोली लावणाऱ्याला रकमेचा चौथा हिस्सा त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी भरावा लागतो आणि उरलेले पैसे विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. बँकेने मुदत वाढवून दिली तरी ती एकूण तीन महिन्यांपुढे जात नाही. घर ‘जसे आहे, जेथे आहे’ या अटीवर मिळते, आत कोणी राहत असेल किंवा सोसायटीची थकबाकी असेल तर ती डोकेदुखी घेणाऱ्याची. गृहकर्ज काढून घर घेणारा साधा माणूस या अटींनी बिचकतो आणि मग रोकड बाळगून असलेले मोजके लोकच बोलीला उरतात. उघड बाजारात मात्र तोच साधा माणूस गिऱ्हाईक असतो.

शेजारच्या विंगमधील एका कुटुंबाने घर घेतले. बँकेकडून बाकीचे पत्र आणि विक्रीची लेखी संमती घेतली, घेणाऱ्यांच्या बँकेने कर्जाची रक्कम थेट कर्जखात्यात भरली, आणि उरलेले पैसे बहिणीच्या हाती आले. हे सगळे लिलावाची सूचना प्रसिद्ध होण्याआधी उरकले. लिलाव झाला असता तरी बँकेचे येणे आणि कारवाईचा खर्च वजा जाता उरलेली रक्कम कायद्याने कर्जदाराचीच असते, पण ती किती उरली असती हे वेगळे. उलट लिलावातून पूर्ण वसुली झाली नाही, तर राहिलेल्या रकमेसाठी बँक कर्जदाराच्या मागे लागू शकते. अमेरिकेतील काही राज्यांत घर गेल्यावर उरलेले कर्ज मागण्यावर बंधने आहेत. आपल्याकडे तसे संरक्षण नाही.

या विक्रीच्या कामात मदत करण्यास ते गृहस्थ अनुत्सुक होते, कारण त्यात त्यांची टक्केवारी नव्हती. संमतीच्या अर्जाचा मसुदा शेवटी बाईंनीच ३,००० रुपयांत करून दिला आणि तो नेटका होता.

आणखी एक सावधगिरी. या सेवेकडे पतसंस्थेच्या कर्जाचे प्रकरण घेऊन जाणार असाल, तर आधी विचारून घ्या. सहकारी बँकांना सरफेसी लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२० मध्ये मुरगूडच्या बँकेच्या प्रकरणात ठरवले आहे. पतसंस्थेची वसुली मात्र राज्याच्या कायद्याने, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खालील वसुली दाखल्याने, चालते; अधिकारी वेगळे, मुदती वेगळ्या, आणि दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर ५० टक्के रक्कम आधी भरावी लागते. आमच्यासमोरच आलेल्या अशा एका ग्राहकाला त्या गृहस्थांनी ४५ दिवसांची आणि कुलाब्याच्या कर्जवसुली न्यायाधिकरणाचीच गोष्ट सांगितली, जी त्याच्या प्रकरणाला लागूच नव्हती.

कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत करणे बँकेवर बंधनकारक आहे, आणि बँकेमुळे उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. बाईंनी त्या मुदतीवर लक्ष ठेवले, सरसाईतील तारणाची नोंद मिटल्याचा उतारा काढून दिला, आणि त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. त्यांच्याकडे जायचे असेल तर नोटीस आल्याच्या आठवड्यातच जावे, पाकीट बरोबर न्यावे, भेट बाईंचीच मागावी, आणि जीएसटीसह बिल पैसे देण्याआधी मागून घ्यावे. आमचे बिल तीनदा आठवण केल्यावर आले.